राखणदाराचे रान

न्यायासनापुढे उभे राहून एखादे कलम समजावून सांगणे मला फारसे जड जात नाही. वीस वर्षांच्या वकिलीने तेवढा सराव झाला आहे. परंतु तेच कलम दहा वर्षांच्या मुलाला समजावून सांगण्याचा प्रसंग आला, म्हणजे मात्र माझी पुरी तारांबळ उडते. न्यायाधीश दाखला पाहून मान डोलावतात. मूल दाखल्याला भीत नाही. ते एवढेच विचारते, "पण असे का?" आणि या 'का'पुढे भल्याभल्या वकिलांची कैफियत उघडी पडते.

असा प्रसंग मजवर गेल्या कार्तिकात आला. आमच्या देवस्थानात दर रविवारी मुलांचा संस्कारवर्ग भरतो. स्तोत्रे, आरत्या, थोड्या पुराणकथा असा त्याचा क्रम असतो. दिवाळीच्या सुटीत या मुलांची सहल मोले आणि तांबडी सुर्ला येथे न्यावी असे ठरले. आणि महाजनांपैकी कायदा जाणणारा व सुटीच्या दिवशी घरी सापडणारा असा मी एकटाच असल्यामुळे, 'अभयारण्य म्हणजे काय' हे मुलांना सांगण्याची कामगिरी माझ्या गळ्यात पडली.

याच सुमारास दुसरेही एक काम मजकडे आले होते. पुढे त्याचा संबंध येणार असल्यामुळे ते येथेच सांगून टाकतो. आमच्या देवळाच्या पाठीमागे एक लहानशी राई आहे. जत्रेच्या दिवशी वाहनांना जागा पुरत नाही, हे गाऱ्हाणे दरवर्षीचेच. गेल्या जत्रेत एका वृद्ध बाईंना भोवळ आली, आणि दाटीवाटीने उभ्या असलेल्या गाड्यांमुळे रुग्णवाहिका देवळापर्यंत येऊ शकली नाही. चार तरुणांनी त्यांना खुर्चीत बसवून हमरस्त्यापर्यंत उचलून नेले. सुदैवाने त्या वाचल्या. परंतु त्या दिवसाची भीती सर्वांच्या मनात राहिली. तेव्हा राईचा पुढचा भाग मोकळा करून तेथे वाहनतळ करावा, आणि त्यासाठी १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीचा अर्ज करावा, असा विचार कमिटीत बळावला. कमिटीचे अध्यक्ष हे माझे सख्खे चुलते. त्यांनी सांगितले आणि ठरावाचा मसुदा मी तयार केला. त्यात 'देवळामागील निरुपयोगी झाडी' असे शब्द मीच घातले होते. तो कागद सहलीच्या दिवशी माझ्या पिशवीतच होता.

मोलेला उतरलो तेव्हा उन्हे नुकतीच वर आली होती. वाट दाखवण्यास वनखात्याचा एक वनरक्षक होता; जवळच्याच गावातला, पन्नाशीकडे झुकलेला, मितभाषी. मुलांनी बसमधून उतरताच जो कल्लोळ मांडला तो ऐकून त्याने ओठांवर बोट ठेवले आणि एवढेच म्हटले, "ल्हवू उलयात, रान आयकता." मुले चटकन गप्प झाली. माझ्या कोणत्याही वाक्याने दिवसभरात तेवढा परिणाम साधला नाही.

झाडाखाली बैठक जमली आणि मी सुरुवात केली. प्रथम शब्दाची फोड केली. अभय आणि अरण्य. भय नसलेले रान. देवाच्या मूर्तीचा एक हात वर उचललेला आणि तळवा आपल्याकडे वळलेला असतो, त्याला अभयहस्त म्हणतात हे मुलांना ठाऊक होते. तोच हात येथे एका मोठ्या रानावर धरलेला आहे, असे सांगितल्यावर त्यांना शब्द कळला. परंतु लगेच थोरल्या मुलाने पाटीकडे बोट दाखविले. "काका, येथे अभयारण्यही लिहिले आहे आणि राष्ट्रीय उद्यानही. मग हे नक्की काय?"

प्रश्न रास्त होता. कायद्याची व्याख्या सांगण्यात अर्थ नव्हता. मी जरा विचार केला आणि आमच्याच देवळाचा आधार घेतला.

"देवळाला अंगण असते," मी म्हणालो, "तेथे तुम्ही लपंडाव खेळता, धावता, पडता, कोणी रागावत नाही. आत सभामंडप असतो. तेथे सर्वांनी यावे, पण पायताण बाहेर काढून आणि आवाज खाली ठेवून. त्या मंडपात गावातल्या काही घराण्यांचे पूर्वापार मानही असतात. त्याच्याही आत गर्भगृह. तेथले दर्शन उंबरठ्याबाहेरून घ्यायचे. आत जाऊन बसायचे नाही. आता पणजीचे कांपालचे उद्यान घ्या. ते झाले अंगण. माणसांच्या खेळण्याबागडण्यासाठीच ते केलेले आहे. अभयारण्य म्हणजे सभामंडप. तेथे परवानगीने जावे, रीत पाळावी. आणि तेथील रहिवाशांचे काही जुने हक्क चौकशीअंती चालूही ठेवता येतात. राष्ट्रीय उद्यान म्हणजे गर्भगृह. तेथे गुरे चारण्यासही मनाई असते. ठरलेल्या वाटेने, परवानगीने जावे, दर्शन घ्यावे आणि परत फिरावे."

मग आकडे सांगितले, कारण मुलांना आकडे आवडतात. मोलेचे हे सारे रान २४० चौरस किलोमीटरांचे. त्यातले गर्भगृह १०७ चौरस किलोमीटरांचे. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला. त्यानंतर आठ वर्षांनी, १९६९ साली, हे अभयारण्य झाले, आणि १९७८ साली त्याचा गाभा राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला. पुढे अभयारण्यास भगवान महावीरांचे नाव मिळाले. ज्यांनी मुंगीलाही अभय दिले त्यांचे नाव रानाला देणे मला फार समर्पक वाटते. बोंडलाचे अभयारण्य अवघे ८ चौरस किलोमीटरांचे. दक्षिणेकडचे खोतीगाव ८६ चे. म्हादई आणि नेत्रावळी ही १९९९ सालची, प्रत्येकी दोनशेहून अधिक चौरस किलोमीटरांची. आणि चोडण बेटावरचे पक्ष्यांचे अभयारण्य १९८८ सालचे, दोन चौरस किलोमीटरांपेक्षाही लहान. "म्हणजे ते घरातले देवघर," एक मुलगी म्हणाली. मी तिची सूचना मान्य केली.

"पण रान राखायचे हे सुचले कोणाला?" दुसरा प्रश्न आला.

मी त्यांना सांगितले की पूर्वी राजेरजवाडे रान राखीत ते मुख्यतः स्वतःच्या शिकारीसाठी. सर्व जनतेसाठी म्हणून एक विस्तीर्ण प्रदेश राखून ठेवण्याची नवी प्रथा १८७२ साली अमेरिकेत यलोस्टोन येथे सुरू झाली. आपल्या देशात हिमालयाच्या पायथ्याशी १९३६ साली पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. आज ते कॉर्बेट या नावाने ओळखले जाते, आणि ज्यांचे नाव त्यास आहे ते गृहस्थ एकेकाळी नामांकित शिकारी होते. महाराष्ट्रात ताडोबा १९५५ साली आले. साऱ्या देशासाठी वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला तो १९७२ साली.

येथवर सांगून मी थांबलो, तो वनरक्षक हळूच म्हणाला, "आणि त्याआधी राखणदार होता."

मुलांचे डोळे विस्फारले. आमच्याकडे राखणदार कोणाला ठाऊक नाही? हातात काठी, खांद्यावर कांबळे, रात्री गावाच्या शिवेवरून फिरणारा. त्याच्या वाटेवर घाण करू नये, त्याच्या झाडाला कोयता लावू नये, हे प्रत्येक आजीने सांगितलेले असते. वनरक्षकाने सत्तरीतल्या निरंकाराच्या राईची गोष्ट सांगितली. तेथे पाणथळ जागेत रानटी जायफळाच्या जातीची झाडे आहेत. चिखलात श्वास कोंडू नये म्हणून त्यांची मुळे गुडघ्यासारखी वाकून जमिनीबाहेर येतात. अशी जागा आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे, आणि येथे ती उरली ती देवाची राई होती म्हणून. कायदा त्या राईपर्यंत पोहोचण्यापूर्वी कित्येक पिढ्या गाऱ्हाण्याने तिची राखण केली होती. मी कायद्याचा माणूस. परंतु यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि ते नसल्याचा मला आनंदच झाला.

मग आम्ही थोडे आत चाललो. एका उंच फांदीवर शेकरू दिसले. तांबूस अंग आणि झुबकेदार शेपटी. गवा मात्र दिसला नाही. गोव्याचा राज्यप्राणी अशी त्याची पदवी सांगून मी मुलांचे समाधान केले. एका जुन्या बेहड्यापाशी (आमच्या बोलीत घोटींग) वनरक्षक थांबला आणि खोडातली उंचावरची ढोली त्याने दाखविली. धनेश पक्ष्याची मादी अशा ढोलीत अंडी घालते, विष्ठा आणि फळांचा चोथा यांनी ढोलीचे तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते, आणि चोच जाईल एवढी फट ठेवते. नर कित्येक आठवडे त्या फटीतून तिला आणि पिलांना फळे आणून भरवतो. खाल्लेल्या फळांच्या बिया दूरवर पडतात आणि तेथे नवी झाडे उगवतात. "तरुण झाडाला अशी ढोली नसते," तो म्हणाला. "झाड म्हातारे झाल्यावाचून धनेशाला घर मिळत नाही." हे वाक्य तो मुलांना सांगत होता, परंतु माझ्या पिशवीतल्या मसुद्यातील पहिलेच झाड एक जुना बेहडा होता, त्याची मला आठवण झाली.

वाटेत एका मुलाने बिस्किटाचे वेष्टन खाली टाकले. मी त्याला रागावलो नाही, कायदा सांगितला. अभयारण्यात कोणीही वन्य प्राण्याला त्रास देऊ नये, आणि तेथे केरकचरा टाकू नये, असे १९७२ च्या कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमातच म्हटलेले आहे. एवढ्या मोठ्या कायद्यात आपल्या वेष्टनाचा विचार झालेला आहे, हे ऐकून तो चकित झाला आणि त्याने ते उचलून खिशात घातले. मग त्याने विचारले, "पण एका वेष्टनाने काय होते?" तेव्हा मी त्यांना पाण्याची वाट सांगितली. वर घाटातून दूधसागर ३१० मीटर उंचीवरून कोसळतो. ते पाणी खांडेपार नदीतून ओपाला येते. ओपाचे पाणी फोंड्याला आणि पणजीला नळाने जाते. आणि आपल्या अग्रशाळेतल्या नळाला जे येते तेही तेच. पावसाळ्यात पडलेले पाणी रान धरून ठेवते म्हणून ते उन्हाळ्यातही आपल्याला मिळते. "म्हणजे आपण तीर्थच पितो," तो म्हणाला. मुलांच्या तोंडी अशी वाक्ये येतात ती घरातून शिकविल्याने येत नाहीत.

दुपारी तांबडी सुर्ल्याला पोहोचलो. रानाच्या कुशीत, ओहळाच्या काठी, काळ्या बेसाल्टचे ते महादेवाचे लहानसे देऊळ उभे आहे. कदंबांच्या काळातले, बाराव्या-तेराव्या शतकातले. मंडपातल्या नंदीला शिर नाही. एका खांबाच्या पायथ्याशी घोड्याला पायाखाली तुडविणारा हत्ती कोरलेला आहे. गोव्यातील किती देवळे भंगली आणि किती देव रातोरात नदी ओलांडून गेले, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. हे देऊळ तेवढे रानाने पोटात घेतले. पायऱ्यांवर बसून डबे उघडले, आणि जेवता जेवता तो प्रश्न आला ज्याची मला सकाळपासून धास्ती होती.

"काका, या रानाचा मालक कोण?"

"सरकार," मी म्हणालो.

"मग सरकारला पाहिजे तर ते विकता येईल?"

येथे माझ्यातला वकील जागा झाला. मी त्यांना सांगितले की १९९६ च्या डिसेंबरात, बियास नदीच्या काठच्या जमिनीच्या एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने असे तत्त्व मान्य केले आहे की नद्या, रान, समुद्रकिनारे अशा गोष्टींचे सरकार हे विश्वस्त आहे. वाटेल तसे देऊन टाकणारे मालक नव्हे. विश्वस्ताने चूक केली तर त्याला विचारता येते. याच मोलेच्या रानातून रेल्वेमार्ग दुपदरी करण्याला जी वन्यजीवविषयक मान्यता मिळाली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या मे महिन्यात रद्द केली. "विश्वस्त म्हणजे राखणदारच," एकाने निष्कर्ष काढला.

"अगदी बरोबर. आणि हे आपल्याला नवे नाही. देव हा कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती आहे, असे १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने एका कुलदेवतेच्या खटल्यात म्हटले. देवाच्या नावावर जमीन असू शकते. परंतु देव स्वतः कोर्टात येत नाही, सही करीत नाही. म्हणून कायदा त्याला कायमचा अज्ञान समजतो, तुमच्यासारखा. त्याच्या वतीने इतरांनी काम पाहायचे असते, आणि ते त्याच्या हिताचेच असले पाहिजे. स्वतःच्या सोयीचे असून चालत नाही."

हे शेवटचे वाक्य मी मोठ्या ऐटीत उच्चारले. तेव्हा संस्कारवर्गातली सर्वांत धाकटी, आठ वर्षांची मुलगी, जी दिवसभर एक शब्दही बोलली नव्हती, तिने विचारले, "मग आपली राई तोडली तर देव आवळीभोजनाला कुठे जाणार?"

तिने घरी मोठ्यांचे बोलणे ऐकले असावे. आमच्या देवस्थानात कार्तिकात आवळीभोजन होते. त्या दिवशी पालखी गाभाऱ्यातून निघून राईत जाते, आवळ्याखाली देव विसावतो, आणि सारा गाव पानावर बसतो. सहलीच्या आणि वनविहाराच्या गोष्टी मी सकाळपासून सांगत होतो. परंतु देवही वर्षातून एकदा वनविहाराला जातो, आणि त्या जागेवर मी 'निरुपयोगी झाडी' असे लिहिले आहे, हे मला एका बालिकेने दाखवून द्यावे लागले.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो. हे उत्तर मी अशिलांना नेहमी देतो. त्या दिवशी ते देताना मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी राईत गेलो. लहानपणानंतर प्रथमच ती नीट पाहिली. आवळा, सुरंगी, नागचाफा, एक कुंभयो, आणि तो बेहडा. ढोली होती, आत कोणी राहत होते की नाही, ते खालून कळेना. झाडे मोजली, ती चौतीस भरली. मग मसुदा काढला आणि त्यातला 'निरुपयोगी' हा शब्द खोडला. शब्द खोडल्यावर उरलेले वाक्य उभेच राहीना. निरुपयोगी नसेल तर तोडायचे कशासाठी?

सभेत मी हे सारे सांगितले. थोरले काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुझे बोलणे गोड आहे. पण त्या दिवशी त्या बाई गेल्या असत्या, तर त्यांच्या मुलांना तू धनेशाची गोष्ट सांगितली असतीस का? माणसाचा जीव मोठा की झाड?"

हा प्रश्न मुलांच्या प्रश्नापेक्षा सोपा नव्हता, आणि तो टाळण्याचा मला अधिकारही नव्हता. मी म्हणालो, "काका, माणसाचाच जीव मोठा. पण त्या दिवशी गाडीला जागा नव्हती असे नाही, वाट नव्हती. राई तोडून आपण आणखी पन्नास गाड्या देवळापर्यंत आणू, आणि वाट पुन्हा बंद होईल. देवळासमोर पावसाळी पीक काढल्यावर शेते मोकळी पडतात. गाड्या तेथे थांबवाव्यात, देवळाची वाट रिकामी ठेवावी, आणि वृद्धांसाठी दोन रिक्षा फिरत्या ठेवाव्यात."

काकांनी मान हलविली नाही. सभेत कुजबुज झाली. काहींना शेतातून चालणे पसंत नव्हते. शेतमालक काय म्हणतील हेही कोणी सांगू शकेना. तेव्हा कोपऱ्यात बसलेले आमच्या देवळाचे गाऱ्हाणे घालणारे वृद्ध गृहस्थ उठले. ते म्हणाले, "राईत कोयता चालवायचा, तर आधी देवापुढे गाऱ्हाणे मला घालावे लागेल. ते मी घालीन. पण शब्द काय वापरायचे ते वकिलांनी लिहून द्यावे."

सर्वांनी मजकडे पाहिले. वीस वर्षे मी लोकांना शब्द लिहून देत आलो आहे. परंतु देवाच्या वतीने काम पाहणाऱ्यांनी देवालाच त्याचे रान सोडण्याविषयी काय सांगावे, ते शब्द मला सापडले नाहीत, आणि तसे मी स्पष्ट सांगितले. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी स्वतःच सुचविले की ठराव एक वर्ष तहकूब ठेवावा, आणि येत्या जत्रेत शेताचा प्रयोग करून पाहावा.

माघात जत्रा झाली. शेतमालकांनी जागा दिली. वाट मोकळी राहिली. प्रयोग पूर्ण यशस्वी झाला असे मी म्हणणार नाही. चालावे लागले म्हणून दोन कुटुंबांनी काकांपाशी तक्रार केली, एक रिक्षा ऐन वेळी आली नाही, आणि काकांनी दिवसभर माझ्याशी बेताचेच बोलणे ठेवले. पुढील सभेत ठराव पुन्हा येईल, आणि तो तेव्हा फेटाळला जाईलच असे कोणी सांगावे? राखण ही एकदा करून संपणारी गोष्ट नव्हे. मोलेच्या त्या वनरक्षकाला ती रोज करावी लागते, आणि तीही आपल्या शेजाऱ्यांचा रोष पत्करून.

जत्रेनंतरच्या रविवारी मी संस्कारवर्गात गेलो आणि त्या धाकट्या मुलीला तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. येत्या कार्तिकात देव राईतच जाईल. त्यापुढचे पुढच्या सभेत ठरेल. आणि कसे ठरले ते मी येऊन सांगेन. तिने मान डोलाविली. मग मुलांनी एक कागद मजपुढे ठेवला. त्यांनी राईतली झाडे मोजून, नावे विचारून, यादी केली होती. माझ्या मोजणीत चौतीस होती. त्यांच्या यादीत छत्तीस. मला वाटले, चुकून दोन झाडे दोनदा मोजली असावीत. तेव्हा त्यांनी मला हाताला धरून राईत नेले आणि आवळ्याच्या मागे, पाचोळ्यात, वीतभर उंचीची दोन रोपटी दाखविली.

तो कागद मी ठरावाच्या मसुद्याला जोडून ठेवला आहे. पुढील सभेत तोच पहिला दस्तऐवज म्हणून दाखल करीन.